दोन तारांचा फोन: रिसीव्हर उचलल्यावर नेमकं काय घडतं?

ऑफिसच्या टेबलावर तारेचा फोन बसवायचा म्हणजे दोन वायरी खोचल्या की झालं, असा समज असतो आणि बऱ्याचदा तसं होतंही. पण टोन येत नाही, आवाजात गुणगुण येते, ट्रान्सफर करताना कॉल तुटतो, अशा तक्रारी सुरू झाल्या की लगेच नवा फोन मागवायची भाषा सुरू होते. मला यात वाईट वाटतं, कारण साध्या अ‍ॅनालॉग फोनचा सगळा कारभार दोन तारांवर चालतो. तो एकदा कळला की यातल्या कितीतरी तक्रारी स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता मिटतात.

त्या दोन तारांवर एक्स्चेंज कायम सुमारे ४८ व्होल्टचा डीसी दाब ठेवतं. (ईपीएबीएक्स म्हणजे ऑफिसमधले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनींना जोडणारं यंत्र. लहान ईपीएबीएक्सचा आकडा याहून कमीही असतो.) रिसीव्हर जागेवर असतो तेव्हा आतला स्विच उघडा राहतो आणि करंट वाहत नाही. रिसीव्हर उचलला की खालची दांडी वर येते, स्विचची टोकं जुळतात, सर्किट पूर्ण होतं आणि २० ते ५० मिलिअँपिअरच्या आसपास करंट वाहू लागतो. एक्स्चेंजला एवढी खूण पुरते. इकडे कोणीतरी फोन उचलला आहे हे ओळखून ते डायल टोन पाठवतं. एक्स्चेंजमधल्या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं, त्यामुळे लाइनवरचा दाब ऋण असतो. जमिनीखालच्या केबलमध्ये ओल शिरली तर तांबं झिजण्याचा वेग त्याने कमी होतो. बेल वाजवायला मात्र याच तारांवरून ७५ ते ९० व्होल्टचा एसी येतो, सेकंदाला २० किंवा २५ आवर्तनांचा. म्हणून सॉकेट उघडून तारा जोडायच्या असतील तर आधी लाइन काढावी. ऐन वेळी बेल वाजली तर चांगलाच झटका बसतो.

आता वायरींकडे पाहू. गुंडाळीची वायर रिसीव्हरची, चपटी वायर लाइनची. रिसीव्हरच्या वायरीचा प्लग अरुंद असतो आणि त्यात चार पिना असतात, दोन माइकच्या आणि दोन कानाकडच्या स्पीकरच्या. लाइनचा प्लग रुंद असतो आणि एका लाइनला त्यातल्या मधल्या दोनच पिना लागतात. दोन लाइनींच्या फोनमध्ये मधली जोडी पहिल्या लाइनची आणि तिच्या दोन बाजूंच्या पिना दुसरीच्या. त्यामुळे ‘लाइन २ चालत नाही’ अशी तक्रार आली की तो पारदर्शक प्लग उजेडात धरून पाहावा. आत सोनेरी पिना दोनच दिसल्या तर फोन ठीक आहे, वायर चुकीची आहे. चार पिनांची वायर लावली की काम झालं. प्लग आत जाताना ‘टिक’ असा आवाज यायला हवा, आणि बारका प्लग मोठ्या सॉकेटमध्ये दाबून बसवू नये. ईपीएबीएक्सला अ‍ॅनालॉग आणि डिजिटल असे वेगवेगळे पोर्ट असू शकतात. साधा फोन डिजिटल पोर्टवर चालत नाही, तेव्हा कुठला पोर्ट आहे हे आधी विचारून घ्यावं.

फोनच्या बुडाला किंवा कडेला ‘टी’ (टोन) आणि ‘पी’ (पल्स) असा एक छोटा स्विच असतो. ‘टी’वर असताना प्रत्येक आकडा दोन सुरांनी जातो. ५ दाबला की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे सूर एकाच वेळी वाजतात. हे आकडे मोठ्या विचाराने निवडलेले आहेत. एक सूर दुसऱ्याच्या पटीत येत नाही, त्यामुळे बोलण्यातला आवाज चुकून आकडा समजला जाण्याची शक्यता फार कमी राहते. ही पद्धत १९६३ मध्ये लोकांच्या हाती आली. ‘पी’वर मात्र फोन लाइन क्षणभर तोडतो आणि जोडतो, ५ साठी पाच वेळा. असं तुटणं फक्त जवळच्या एक्स्चेंजला कळतं. म्हणूनच ‘अमुक सेवेसाठी १ दाबा’ असं सांगणाऱ्या यंत्रापर्यंत तुमचा आकडा पोहोचत नाही, कितीही जोरात दाबा.

सगळ्यात गमतीचं बटण म्हणजे फ्लॅश, कॉल ट्रान्सफर करताना दाबायचं. तेही लाइन तोडतं, पण एका ठरावीक वेळापुरतं. एक्स्चेंज फक्त तुटलेला वेळ मोजतं. अगदी थोडा असेल तर डायलचा ठोका, जरा जास्त असेल तर फ्लॅश, त्याहून जास्त असेल तर फोन ठेवला. या सीमा प्रत्येक यंत्रणेत सारख्या नसतात. बऱ्याच फोनमध्ये फ्लॅशची वेळ १००, ३०० किंवा ६०० मिलिसेकंद अशी निवडता येते. ट्रान्सफर करताना कॉलच तुटत असेल तर ही वेळ कमी करून पाहावी, आणि फ्लॅश दाबूनही काहीच होत नसेल तर वाढवावी. दांडी बोटाने दाबून फ्लॅश द्यायची सवय असते काहींना, पण बोटाला मिलिसेकंद कळत नाहीत, बटणच वापरावं. ट्रान्सफरची रीत साधी आहे. फ्लॅश, वेगळा टोन आला की एक्स्टेन्शनचा नंबर, पलीकडे उचललं की कोणाचा फोन आहे ते सांगायचं, मग आपला रिसीव्हर ठेवायचा. ते न सांगता ठेवून देणं मला पटत नाही, कारण फोन करणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं.

आणखी एक गोष्ट आपण रोज अनुभवतो, पण ती जाणवत नाही. रिसीव्हरमध्ये आपल्याला आपला स्वतःचा आवाजही किंचित ऐकू येतो. जाणारा आणि येणारा आवाज त्याच दोन तारांवर असतो. फोनमधलं एक सर्किट आपला आवाज आपल्या कानापर्यंत येण्याआधी बराचसा कापतं, पण थोडा मुद्दाम ठेवतं. तो अजिबात नसेल तर लाइन मेली आहे असं वाटून माणूस ओरडू लागतो, आणि जास्त असेल तर पुटपुटतो. याचा एक फार उपयोगी परिणाम आहे. आजूबाजूला गोंगाट असेल तर तो माइकमधून शिरतो आणि याच वाटेने आपल्याच कानात येऊन पलीकडचा आवाज झाकतो. अशा वेळी आपण दुसरा कान दाबतो. त्याऐवजी ऐकताना तळहाताने माइक झाका किंवा म्यूट दाबा. समोरचं बोलणं एकदम स्पष्ट होतं. आज करून बघा.

फोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो. ‘स’मधला सळसळता भाग याच्या वरचा, तो वाटेत गळतो. त्यामुळे नावं आणि पत्ते एकेक अक्षर करून सांगण्यात कमीपणा मानू नये. स्पीकरफोनवर आणखी एक पथ्य. साध्या स्पीकरफोनमध्ये ज्याचा आवाज मोठा त्याचीच बाजू चालू राहते. समोरचा बोलत असताना आपण मध्येच ‘हं, हं’ केलं की त्याचे शब्द तुटतात. ऐकताना गप्प बसावं.

गुणगुण येत असेल तर लाइनची चपटी वायर विजेच्या वायरीला चिकटून तर जात नाही ना, ते पाहावं. भिंतीतल्या केबलमध्ये तारांच्या जोड्यांना पीळ असतो. त्यामुळे बाहेरचा त्रास दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि आपोआप वजा होतो. या पिळाचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये घेतलं होतं. चपट्या वायरीला पीळ नसतो, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. त्याच लाइनवर डीएसएल ब्रॉडबँड असेल आणि खरखर येत असेल तर फोनच्या आधी फिल्टर लावावा, तो वरच्या फ्रीक्वेन्सी अडवतो.

वीज गेल्यावर काय, हा शेवटचा आणि महत्त्वाचा प्रश्न. एक्स्चेंजपासून तांब्याच्या तारेवर आलेला साधा फोन लाइनच्याच करंटवर चालतो, त्याला घरचा प्लग लागत नाही. पण ईपीएबीएक्समागचा फोन त्या यंत्राच्या विजेवर अवलंबून असतो, आणि फायबरच्या डब्याला जोडलेला फोन त्या डब्याच्या. एखाद्या निवांत दिवशी मेन स्विच बंद करून ऑफिसातला प्रत्येक रिसीव्हर उचलून पाहावा. ज्या फोनवर टोन येतो त्यावर चिठ्ठी चिकटवावी, आणि तो कोणता हे सगळ्यांना सांगून ठेवावं.