बर्कली: सोडलेले २५० डॉलर आणि पोलिसांवर नजर ठेवणाऱ्याची नेमणूक

कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराच्या कौन्सिलचा (आपली महापालिका सभा समजा) अजेंडा पहिल्यांदा उघडला की मजा वाटते, एकीकडे कुठल्यातरी जत्रेला नाहीतर शाळेच्या कार्यक्रमाला २५० डॉलर द्यायचा ठराव आणि त्याच कौन्सिलच्या टेबलावर पोलिसांवर नजर ठेवणारा डायरेक्टर कोण असावा हा प्रश्न. दोन्हीचा काही संबंध नाही असं वाटेल, पण दोन्हीकडे भानगड एकच आहे, की कौन्सिल मेंबरचा हात नेमका कुठपर्यंत पोचतो.

देणगीचं आधी उरकतो. तिथे शब्द वापरतात 'रिलिंक्विश'. मेंबर संस्थेला पैसे देत नाही, आपल्या ऑफिस बजेटमधले पैसे तो 'सोडतो', ते जनरल फंडात, म्हणजे शहराच्या सामाईक तिजोरीत, जातात आणि तिथून शहर संस्थेला देतं. हा द्राविडी प्राणायाम अशासाठी की कॅलिफोर्नियाच्या घटनेत सरकारी पैसा भेट म्हणून द्यायलाच बंदी आहे, त्यामुळे हे सार्वजनिक कामासाठी आहे असं ठरावात लिहावं लागतं. एका मेंबरने आयटम टाकला की बाकीचे आपापले शे-दोनशे त्यात घालतात, आणि सगळं कन्सेंट कॅलेंडरवर, म्हणजे चर्चेशिवाय, एका दमात पास. आपल्याकडच्या नगरसेवक निधीच्या मानाने ही चिल्लर आहे, पण कुणी कुणाला किती दिले ते नावानिशी उघड असतं.

आता पोलिसांचं. १९७३ च्या एप्रिलमध्ये लोकांनी मतदान करून नागरिकांचं कमिशन आणलं, पोलिस खात्याबाहेर राहून तक्रारींची स्वतः चौकशी करणारं, अमेरिकेत अशा सुरुवातीच्या कमिशनांपैकी एक. मेयर आणि आठ मेंबर प्रत्येकी एक माणूस नेमणार, असे नऊ. कागदावर झकास. पण ते आलं साध्या ऑर्डिनन्सने, म्हणजे शहराच्या नेहमीच्या कायद्याने, आणि शहराच्या चार्टरमध्ये, म्हणजे शहराच्या घटनेत, कर्मचाऱ्यांना शिस्त लावायचा अधिकार सिटी मॅनेजरचा (आपला आयुक्त समजा, फक्त त्याला राज्य सरकार पाठवत नाही, कौन्सिल नेमतं). १९७६ मध्ये कोर्टाने यावरच बोट ठेवलं, ऑर्डिनन्स चार्टरच्या वर जाऊ शकत नाही, आणि कमिशनच्या अधिकारांतली काही कलमं उडवली.

माझ्या मते पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू होतं, आणि लोक नेमकं हेच विसरतात. कमिशनचे नऊ जण कौन्सिलने नेमलेले, हौशी, दिवसा आपापल्या नोकऱ्या करणारे. खरी चौकशी करणारा स्टाफ मात्र सिटी मॅनेजरच्या हाताखाली. आणि पोलिस चीफ? तोही सिटी मॅनेजरच्याच हाताखाली. म्हणजे तपासणारा आणि ज्याला तपासायचं तो, दोघांचा साहेब एकच! यात कुणी वाईट वागलंच असं मी म्हणत नाही, पण अशा जागी बसलेला माणूस कितीही सरळ असला तरी तो किती ताणून धरणार हे ऑफिसात काम केलेल्या कुणालाही कळेल.

त्यात २००६ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा, सॅन डिएगोकडच्या एका प्रकरणातला निकाल आला, पोलिसांच्या शिस्तीची कागदपत्रं गोपनीय. तोवर बर्कलीत तक्रारीची सुनावणी खुली असायची, कुणीही मागच्या खुर्चीत बसून ऐकावं. या निकालानंतर दार बंद झालं, ते का म्हणून कोर्टकज्जे झाले, तरी बंदच राहिलं. २०१९ पासून राज्याच्या नव्या कायद्याने गोळीबार, गंभीर इजा असल्या ठराविक प्रकरणांची कागदपत्रं मिळू लागली, तेवढंच.

मग २०२०. उन्हाळ्यात कौन्सिलने पोलिस बजेटमधून ९२ लाख डॉलर कापले, पुढे निम्म्यावर आणू अशीही भाषा झाली (कोविडमुळे सगळ्याच खात्यांना कात्री लागली होती हे सोयीस्करपणे कुणी सांगत नाही). गाजावाजा त्याचाच झाला. पण टिकाऊ काम नोव्हेंबरच्या मतदानात झालं, 'मेझर डबल आय' नावाचा प्रस्ताव लोकांपुढे आला, बाजूने ८० टक्क्यांहून जास्त मतं. या वेळी थेट चार्टरच बदलला, म्हणजे १९७६ च्या निकालाला ४४ वर्षांनी दिलेलं उत्तर. कमिशन गेलं, नवं बोर्ड आलं, आणि मुख्य म्हणजे चौकशीच्या स्टाफचा प्रमुख असलेल्या डायरेक्टरला नेमायचा आणि काढायचा अधिकार सिटी मॅनेजरकडून कौन्सिलकडे गेला. पुराव्याची अटही सैल झाली, आधी आरोप जवळजवळ पक्का सिद्ध व्हावा लागे, आता पारडं एका बाजूला झुकलं तरी पुरतं.

बोर्ड जुलै २०२१ ला सुरू झालं, पण कायमचा डायरेक्टर यायला २०२२ उजाडलं, तोवर हंगामी कारभार. उमेदवारांवरची चर्चा कायद्याने बंद दाराआड करता येते, ठराव आणि पगार तेवढा उघड, म्हणजे जत्रेच्या २५० डॉलरचा हिशोब सगळ्यांसमोर आणि या माणसाची निवड पडद्यामागे. त्याच वर्षी नोव्हेंबरात एका पोलिस पथकाचे आपसातले मेसेज बाहेर आले, वर्णद्वेषी शेरे आणि अटकेच्या कोट्याच्या गोष्टी, आणि अगदी त्याच वेळी नव्या चीफला पक्कं करायचा विषय कौन्सिलसमोर होता, तो पुढे ढकलला गेला. मे २०२३ ला अखेर चीफच्या नेमणुकीला मंजुरी मिळाली. डायरेक्टरचा साहेब आता कौन्सिल आहे हे खरं, पण एखाद्या तक्रारीवर डायरेक्टर आणि चीफचं जुळलं नाही तर शेवटचा शब्द अजून सिटी मॅनेजरचाच.