प्लॅस्टिकवर क्रोम: माल पाठवायच्या आधी एवढं वाचा

क्रोम करंटने चढवतात आणि प्लॅस्टिकमधून तर करंट जात नाही, मग त्यावर क्रोम बसतं कसं, हे जवळजवळ प्रत्येक नवीन पार्टी विचारते म्हणून इथेच लिहून टाकतो.

आम्ही क्रोम करतो त्या एबीएस प्लॅस्टिकमध्ये रबराचे बारीक कण असतात. गरम क्रोमिक आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत पार्ट बुडवला की पृष्ठभागावरचे हे कण खाल्ले जातात आणि डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात, पुढची सगळी पकड या खड्ड्यांचीच. मग पॅलेडियम या धातूचं पाणी, मग करंट न लावता निकेलचा पातळ थर, आणि आता पार्ट करंट घ्यायला लागतो म्हणून त्यावर तांबं, निकेल आणि शेवटी क्रोम. खरी चकाकी तांब्या-निकेलची असते बरं का, क्रोम जेमतेम पाव मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याचं काम निळसर झाक द्यायची आणि ओरखडे, काळेपणा रोखायचा.

आता मुद्द्याचं. प्लेटिंग काही लपवत नाही, उलट उठून दाखवतं! सिंक मार्क (आत दबलेला खळगा), वेल्ड लाइन (वितळलेलं प्लॅस्टिक दोन बाजूंनी येऊन जुळल्याची रेघ), गेटचा डाग (साच्यात प्लॅस्टिक शिरतं तिथला), जे मोल्डिंगमध्ये कसंबसं दिसतं ते क्रोम झाल्यावर लांबून दिसतं. प्लॅस्टिकचा दाणा प्लेटिंग ग्रेडचाच घ्या, रिग्राइंड (वापरलेलं, पुन्हा दळलेलं प्लॅस्टिक) मिसळू नका, दाणा नीट सुकवा. आणि साच्यावर सिलिकॉन स्प्रे मारू नका हो. एकदा एका पार्टीचा अख्खा लॉट पापडासारखा सोलला, आम्ही टाक्या तपासत बसलो आणि शेवटी निघालं काय तर ऑपरेटरने पार्ट चटकन सुटावा म्हणून दर शॉटला, म्हणजे साचा भरायच्या प्रत्येक वेळी, स्प्रे मारलेला.

धारदार कडांवर थर जाड बसतो, खोल खाचांत पातळ, त्यामुळे कडांना थोडी गोलाई द्या. रॅकला (टाकीत पार्ट लटकवायच्या चौकटीला) पार्ट जिथे पकडतो तिथे डाग राहणारच, तो कुठे चालेल ते ड्रॉइंगवर मार्क करून पाठवा.

पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि साधं नायलॉन आम्ही घेत नाही. ट्रॉफी, बाटलीची झाकणं असलं काम असेल तर व्हॅक्यूम मेटलायझिंग करा, तिथे ॲल्युमिनियमची वाफ बसवून वर लॅकर मारतात, स्वस्त पडतं, पण नळाच्या नॉबला किंवा गाडीच्या ग्रिलला ते टिकणार नाही.

रेटचं म्हणाल तर क्रोमचं पाणी ट्रीट न करता नाल्यात सोडणारा स्वस्तच देणार, त्याच्याशी आमची तुलना नको.

आधी दहा पीस पाठवा. त्यातले दोन आम्ही गरम-थंड सायकलमध्ये घालून, थरावर कट मारून टेप लावून ओढून बघतो, थर सुटला नाही तरच लॉटची गाडी भरा.