‘सुरक्षित’ या एका शब्दात दोन भीती

डेटा क्लाऊडवर, म्हणजे एखाद्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर ठेवावा की घरच्या हार्ड डिस्कवर, असं विचारताना आपण ‘सुरक्षित’ या एका शब्दात दोन वेगळ्या भीती कोंबतो: डेटा नाहीसा होण्याची आणि तो परक्याच्या हाती पडण्याची. या वादात कधी पहिली भीती वरचढ ठरली, कधी दुसरी.

खरं तर दूरच्या यंत्रावर काम सोपवण्याची कल्पना घरच्या कॉम्प्युटरहून जुनी आहे. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या रामॅक या कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये २४ इंची ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि क्षमता सुमारे ५० लाख अक्षरं. असं धूड घरात ठेवणार कोण? १९६१ साली संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात मांडलं की, टेलिफोनसारखीच संगणनाचीही सार्वजनिक सेवा होऊ शकेल. पुढे १९८० साली सीगेटची ५ एमबीची छोटी डिस्क आली; फ्लॉपी त्याआधीच होती, मग सीडी, पेन ड्राईव्ह. फाईल हातात धरता येऊ लागली आणि ‘माझ्याजवळ आहे म्हणजे सुरक्षित आहे’ ही समजूत पक्की झाली.

पण हार्ड डिस्कचा हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, फिरत्या तबकडीवर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतो. धक्क्याने तो टेकला की चुंबकीय थर खरवडला जातो, आणि त्यासोबत वर्षानुवर्षांचे फोटो. म्हणून छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुळवलेला ३-२-१ नियम मला आजही सर्वांत शहाणा वाटतो: तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी. लोक अडतात ते शेवटच्या अटीवर, कारण बॅकअपची डिस्क त्याच कपाटात असते. ही ‘दुसरी जागा’ क्लाऊडने सोपी केली: २००६ मध्ये ॲमेझॉन एस३, २००८ मध्ये ड्रॉपबॉक्स, २०११ मध्ये आयक्लाऊड, २०१२ मध्ये गूगल ड्राईव्ह.

धोक्याची घंटा मात्र आयक्लाऊड येण्याआधीच वाजली होती. साईडकिक नावाच्या फोनवरचे नंबर, फोटो, नोंदी मायक्रोसॉफ्टच्या डेंजर या उपकंपनीच्या सर्व्हरवर राहत. ऑक्टोबर २००९ मध्ये ते सर्व्हर कोलमडले. ग्राहकांना सांगावं लागलं की, बॅटरी काढू नका, चार्जिंग संपू देऊ नका, नाहीतर फोनमध्ये उरलंय तेही जाईल. बराचसा डेटा पुढे परत मिळाला. पण त्या काळात लोकांची एकमेव प्रत हातातल्या फोनच्या चार्जिंगवर तगून होती.

दुसरी भीती मोठी झाली २०१३ मध्ये, एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी सरकारची इंटरनेटवरची पाळत उघड केल्यावर. २०१४ मध्ये नामवंतांचे क्लाऊडवरचे खासगी फोटो फुटले, तेही फसव्या ईमेलने पासवर्ड काढून घेऊन.

तेव्हा घरची डिस्क तरी निर्धास्त होती का? २०१३ च्या क्रिप्टोलॉकर या खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने कॉम्प्युटरला जोडलेल्या ड्राईव्हवरच्या फाईलीही कुलूपबंद केल्या. इथे मला कळकळीने सांगावंसं वाटतं की, सिंक, म्हणजे इथला बदल आपोआप तिथेही उतरवणं, हा बॅकअप नव्हे. फाईल बिघडली तर सिंक ती बिघडलेलीच वर चढवतं. जुनी आवृत्ती राखून ठेवलेली असेल तरच वाचता.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएचक्लाऊड या कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं. काही ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता. कपाटातल्या त्या दुसऱ्या डिस्कचीच ही गोष्ट, फक्त कपाट पाच मजली.

डिसेंबर २०२२ मध्ये ॲपलने आयक्लाऊडवरच्या बहुतांश डेटाची किल्ली फक्त वापरकर्त्याकडे ठेवण्याची सोय दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये ती नव्या ग्राहकांना देणं थांबवलं. ही सोय चालू करण्याआधी विश्वासातली एखादी व्यक्ती नेमावी लागते किंवा २८ अक्षरांची रिकव्हरी की जपून ठेवावी लागते. पासवर्ड आणि फोनच्या पासकोडसकट तेही हातचं गेलं, तर तो डेटा ॲपललाही उघडता येत नाही.