झेब्रा माशाच्या 'कानाच्या' पेशी परत उगवतात, आपल्या का नाही?

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात पट्ट्यापट्ट्यांचा छोटा झेब्रा मासा बघितला असेल, जेमतेम 3-4 सेंटिमीटरचा, त्याच्याकडे कोणी फारसं लक्ष पण देत नाही. मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, पण जगभरातल्या लॅबमध्ये त्याची जाम चलती आहे.

त्याच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत बारीक ठिपक्यांची रांग असते, पार्श्वरेखा म्हणतात तिला. प्रत्येक ठिपक्यात केसाळ पेशी, म्हणजे हेअर सेल. पाणी हललं की केस वाकतात, मेंदूला कळतं प्रवाह कुठून आहे, कोण खायला येतंय. अशाच पेशी आपल्या कानाच्या आत, शंखासारख्या वळणदार भागात असतात, एका कानात साधारण 15 हजार, आणि तेवढाच स्टॉक, मिरवणुकीत डीजेसमोर उभं राहून घालवला की संपला.

मासा मात्र बिनधास्त. पिल्लू पारदर्शक असतं आणि या पेशी अंगाच्या बाहेरच, त्यामुळे सगळं मायक्रोस्कोपखाली लाइव्ह दिसतं. पाण्यात निओमायसिन नावाचं अँटिबायोटिक टाकलं की तासाभरात बहुतेक हेअर सेल मरतात (टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन याच घराण्यातलं, त्यानेही पेशंटच्या कानाला त्रास व्हायचा), पण दुसऱ्या दिवशी नवीन दिसायला लागतात आणि दोन-तीन दिवसांत ठिपका बराचसा भरून येतो!

हे करतात शेजारच्या सपोर्ट सेल, म्हणजे हेअर सेलना आधार देणाऱ्या पेशी. हेअर सेल जिवंत असते तोवर नॉच नावाच्या सिग्नलने शेजारणीला दाबून ठेवते, मी आहे ना, तू गप बस. ती मेली की दाब सुटतो, मग काही शेजारणी विभागून दोन-दोन हेअर सेल बनवतात आणि काही विभागून आपल्यासारख्याच सपोर्ट सेल बनवतात, म्हणजे बियाणंही संपत नाही. मला तर खरी कमाल हीच वाटते. या माशाच्या डोळ्याच्या पडद्याचंही तसंच, तिथे म्युलर नावाच्या आधार देणाऱ्या पेशी कामाला लागतात.

सपोर्ट सेल आपल्याकडेही आहेत, पण ढिम्म. उंदराच्या नवजात पिल्लात थोडी धडपड दिसते, दोनेक आठवड्यांत तीही बंद. कोंबडीला मात्र जमतं, हे 1980च्या दशकातच कळलं होतं. आपल्या सपोर्ट सेलना औषधाने उठवायचे प्रयत्न चालू आहेत, पण 2023 मध्ये एका अमेरिकन कंपनीचं कानात इंजेक्शनने द्यायचं औषध ट्रायलमध्ये सपशेल फेल गेलं, त्यामुळे 'बहिरेपणा गायब' टाइप फॉरवर्ड आला तर लगेच पुढे ढकलू नका.