शालेय वेब फिल्टरिंग : पुण्यातील कमी खर्चाच्या सोयी

शाळेच्या इंटरनेटवर कोणत्या वेबसाइट उघडाव्यात आणि कोणत्या उघडू नयेत, हे ठरवणारी व्यवस्था म्हणजे शालेय वेब फिल्टरिंग. अश्लील मजकूर, जुगार, फसवणुकीची पाने, व्हायरस पसरवणाऱ्या साइट मुलांच्या स्क्रीनपर्यंत पोहोचू नयेत, हा तिचा हेतू. शाळांमध्ये मात्र सगळे ‘फिल्टर लावलाय’ किंवा ‘साइट ब्लॉक केलीये’ असेच म्हणतात. मोठ्या खासगी शाळा दरवर्षी लायसन्स भरून चालणारी फायरवॉल, म्हणजे इंटरनेट आणि शाळेच्या मध्ये बसून ये-जा तपासणारी यंत्रणा, घेतात. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी ही नोंद आहे : पेठांमधल्या अनुदानित शाळा, महापालिकेच्या शाळा आणि मुळशी, भोर, जुन्नर अशा तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना मिळणारे संयुक्त अनुदान पटसंख्येनुसार वर्षाला १० हजारांपासून १ लाखापर्यंत असते. वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता, साहित्य सगळे त्यातच बसवायचे. तिथे फायरवॉलचे कोटेशन मागवण्यातही अर्थ नसतो. सुदैवाने लागणारी बहुतेक साधने आज फुकट मिळतात. अडते ते ती सांभाळणाऱ्या माणसापाशी.

सगळ्यात स्वस्त उपाय डीएनएसचा. ब्राउझरमध्ये साइटचे नाव टाइप केले की कॉम्प्युटर आधी त्या नावाचा अंकी पत्ता कुणाला तरी विचारतो. ज्याला विचारतो तो डीएनएस सर्व्हर. त्यानेच पत्ता दिला नाही, तर साइट उघडत नाही. ओपनडीएनएसची फॅमिलीशील्ड ही सेवा २०१० पासून याच तत्त्वावर चालते. ओपनडीएनएस २०१५ मध्ये सिस्कोने विकत घेतली, तरी ही सेवा फुकटच राहिली. तिचे पत्ते २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३. क्लाउडफ्लेअरने १ एप्रिल २०२० रोजी अशीच सोय सुरू केली. तिच्यात १.१.१.२ हा पत्ता फक्त घातक साइट अडवतो, तर १.१.१.३ त्यांच्याबरोबर अश्लील साइटही अडवतो. क्लीनब्राउझिंगचा फॅमिली फिल्टर (१८५.२२८.१६८.१६८) आणखी कडक आहे. शोधातून अश्लील निकाल गाळणारा गूगलचा सेफसर्च तो सक्तीने चालू ठेवतो आणि प्रॉक्सी, व्हीपीएन अशा फिल्टर चुकवण्याच्या आडवाटांच्या साइटही बंद करतो. यांतला एखादा पत्ता राउटरच्या सेटिंगमध्ये लिहिला की संगणक कक्षातले सगळे कॉम्प्युटर एकदम फिल्टरखाली येतात. काम दहा मिनिटांचे, खर्च शून्य.

चूक होते ती याच दहा मिनिटांत. राउटरच्या पानावर डीएनएसचे दोन रकाने असतात. पहिल्यात फिल्टरचा पत्ता नीट लिहिला जातो. दुसरा रिकामा बरा दिसत नाही, म्हणून नेट बसवायला आलेला माणूस सवयीने तिथे ८.८.८.८, म्हणजे गूगलचा साधा डीएनएस टाकतो. पहिल्याकडून उत्तर यायला उशीर झाला की कॉम्प्युटर बिनबोभाट दुसऱ्याला विचारतो आणि फिल्टर असून नसल्यासारखा होतो. तपासायला जाल तेव्हा सगळे ठीक दिसते, कारण त्या वेळी पहिला उत्तर देत असतो. दोन्ही रकान्यांत एकाच फिल्टरचे पत्ते हवेत, हा या विषयातला सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम. आयपीव्ही६चेही, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीचेही, तसेच. इंटरनेट कंपनीने दिलेली राउटरची पेटी त्या मार्गाने स्वतःचा डीएनएस परस्पर कॉम्प्युटरना देत असेल, तर जुन्या रकान्यात काहीही लिहिले तरी उपयोग नाही. तिथेही फिल्टरचा पत्ता द्यावा, नाहीतर आयपीव्ही६ बंद ठेवावे. काही कंपन्यांच्या पेटीत डीएनएस बदलूच देत नाहीत. अशा वेळी तिच्यामागे शाळेचा स्वतःचा साधा राउटर जोडावा.

कोणत्या साइट अडवायच्या याच्या याद्या शाळेने स्वतःच्या आवडीने ठरवायच्या म्हटले, तर आणखी एक अडचण येते. तशी सोय देणाऱ्या काही सेवा शाळेला तिच्या इंटरनेट पत्त्यावरून ओळखतात. केबलवाल्याच्या किंवा स्वस्त ब्रॉडबँडच्या जोडणीत तो पत्ता वारंवार बदलतो. पुष्कळदा तर एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक असतात. मग शाळेची यादी कुणाला लावायची हे त्या सेवेला कळत नाही. म्हणून गल्लीतल्या केबलवर चालणाऱ्या शाळेने खाते न लागणारी, सर्वांसाठी खुली सेवा घ्यावी, हे बरे.

थोडा उत्साह आणि एखादा जुना कॉम्प्युटर असेल, तर पाय-होल किंवा ॲडगार्ड होम बसवता येते. ही मोफत सॉफ्टवेअर शाळेच्या आतच छोटा डीएनएस सर्व्हर उभा करतात. जाहिराती अडवणे हे त्यांचे मूळ काम, पण त्यांत जुगार आणि अश्लील साइटच्या तयार याद्या घालता येतात आणि पुढची चौकशी फॅमिली फिल्टरकडे पाठवता येते. पाय-होल रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर चालते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत केबल, स्विच, मेमरी कार्ड असे सुटे सामान एका फेरीत मिळते. पण रास्पबेरी पायचा जीव मेमरी कार्डात असतो आणि लिहिणे चालू असताना वीज गेली की ते कार्ड बिघडू शकते. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची पद्धत जुनी आहे आणि पावसाळ्यात ती कधीही जाते. छोटा यूपीएस आणि सगळी व्यवस्था उतरवून ठेवलेले दुसरे कार्ड, एवढे नसेल तर या वाटेला जाऊ नये. त्यापेक्षा हार्ड डिस्क असलेला, धूळ पुसून चालू केलेला जुना पीसी बरा.

फुकटच्या याद्यांवर किती विसंबावे, हाही प्रश्न आहेच. फ्रान्समधील तुलूझच्या विद्यापीठाने ठेवलेली वर्गवार यादी जगभरच्या शाळा वर्षानुवर्षे वापरत आल्या आहेत. शाला लिस्ट नावाची तितकीच प्रसिद्ध यादी मात्र २०२२ मध्ये बंद पडली. तिच्यावर चालणारे फिल्टर बाहेरून चालूच दिसत राहिले, फक्त त्यांना नवी साइट ओळखता येईना. वर्षातून एकदा तरी यादीची तारीख बघावी लागते, ती यासाठी.

आता यूट्यूबविषयी, कारण शाळेतल्या इंटरनेटचा मोठा वाटा तिथेच जातो. कवितेच्या चालीपासून ज्वालामुखीपर्यंत सगळे शिक्षक तिथूनच दाखवतात, त्यामुळे यूट्यूब सरसकट बंद करणे हा काही मार्ग नव्हे. गूगलने नेटवर्कच्या पातळीवर निर्बंधित मोड लावायची सोय दिली आहे. तिच्यात मध्यम आणि कडक असे दोन पर्याय आहेत. दोन्हींत व्हिडिओखालच्या कॉमेंट दिसत नाहीत. माझ्या मते लहान मुलांच्या दृष्टीने निम्मा फायदा तेवढ्यानेच होतो. कडक पर्यायात निरुपद्रवी व्हिडिओही गायब होतात. प्राथमिक वर्गांना कडक, आठवी ते दहावीला मध्यम, हा व्यवहारात टिकणारा तोडगा.

या सगळ्या उपायांना फक्त साइटचे नाव दिसते, आतले पान दिसत नाही. आज जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे बंद पाकिटातून चालतात. पाकीट फोडून वाचायचे, तर स्क्विड, ई२गार्डियन, पीएफसेन्स, ओपीएनसेन्स अशी मोफत सॉफ्टवेअर आहेत. त्यासाठी प्रत्येक कॉम्प्युटरवर शाळेचे प्रमाणपत्र बसवावे लागते. त्यानंतर मात्र त्या कॉम्प्युटरवरून शिक्षकांनी भरलेला बँकेचा पासवर्डही फिल्टर चालवणाऱ्या यंत्रातून उघडा जातो. हे जोखमीचे काम आहे. पूर्णवेळ तंत्रज्ञ नसलेल्या शाळेने ते करू नये, असे स्पष्टच सांगितले पाहिजे.

मुले फिल्टर चुकवतात आणि तसे करण्यात त्यांना आनंदही वाटतो. कॉम्प्युटरमध्येच डीएनएस बदलणे ही पहिली युक्ती. मुलांच्या लॉगिनला ॲडमिनचे अधिकार दिले नाहीत की ती संपते. ब्राउझरने डीएनएसची चौकशीही बंद पाकिटातून करायची पद्धत २०१८ मध्ये प्रमाणित झाली. त्याच वर्षी अँड्रॉइड ९ मध्ये प्रायव्हेट डीएनएस ही फोनसाठीची तशीच सोय आली. क्रोम आणि एजमध्ये ही पद्धत पॉलिसीने बंद करता येते आणि प्रायव्हेट डीएनएस ज्या वाटेने जाते ते ८५३ क्रमांकाचे पोर्ट राउटरवर अडवता येते. मोबाइलच्या हॉटस्पॉटला मात्र शाळेच्या फिल्टरकडे उत्तर नाही. संगणक कक्ष मुलाच्या वाट्याला आठवड्यातून दोन-तीन तास येतो, घरचा फोन रोज. पालकसभेत दहा मिनिटे काढून फोनवर फॅमिली लिंक हे गूगलचे पालक-नियंत्रणाचे ॲप कसे लावायचे आणि प्रायव्हेट डीएनएसमध्ये १.१.१.३ चे family.cloudflare-dns.com हे नाव कुठे लिहायचे हे दाखवणाऱ्या शाळा मुलांचे त्याहून कितीतरी जास्त रक्षण करतात.

फिल्टर जास्त कडक झाला की होणारे नुकसान कुणी मोजत नाही आणि मला ते जास्त सलते. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मानवी प्रजननाचा पाठ आहे. त्याच पुस्तकात सामाजिक आरोग्याच्या पाठात मोबाइलचा अतिवापर आणि सायबर गुन्हे येतात. शब्दांवर चालणारा फिल्टर असला, तर नेमके हेच पाठ शोधताना पाने अडतात. स्तनाचा कर्करोग, मासिक पाळी, गर्भाशय हे शब्द इंग्रजीत टाइप केले की संशय घेतला जातो, आणि रोमन लिपीत लिहिलेली मराठी शिवी मात्र खुशाल आत येते, कारण ती फिल्टरला कळतच नाही. घरात स्वतःचा फोन नसलेली आठवीतली मुलगी पोटदुखीविषयी वाचायला संगणक कक्षात येते. तिच्यासमोर ‘धिस साइट कान्ट बी रीच्ड’ येते. डीएनएसने अडवलेल्या एचटीटीपीएस साइटवर आपला मराठी संदेश दाखवता येत नाही, ब्राउझर फक्त चूक दाखवतो. तिला वाटते नेट बंद आहे, किंवा आपलेच काही चुकले. म्हणून कॉम्प्युटरच्या वरच्या भिंतीवर एक साधा कागद लावावा : ‘साइट उघडली नाही तर घाबरू नका. अभ्यासासाठी हवी असेल तर बाईंना किंवा सरांना सांगा, ती उघडून मिळेल.’ त्या बाईंना साइट उघडून देण्याचा अधिकार आणि पासवर्ड दोन्ही हवेत. दोन मिनिटांत साइट उघडून देणारी व्यक्ती शाळेत नसेल, तर आठवडाभरात कुणीतरी वैतागून सगळा फिल्टरच काढून टाकते.

सरकारी पातळीवर, सीबीएसईने ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या शाळांना फायरवॉल, फिल्टर आणि देखरेखीची व्यवस्था बसवायला सांगितले. दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ अश्लील साइट बंद करायला लावल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये आणखी ६७ साइट बंद झाल्या. त्यांतल्या ६३ पुण्यातील न्यायालयाच्या आदेशावरून. अशा यादीतली साइट नाव बदलून परत येते, त्यामुळे शाळेचा फिल्टर अनावश्यक ठरत नाही. पुण्यात व्यावसायिक पर्यायही आहेत. दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिलेली क्विक हील ही कंपनी याच शहरातली. तिच्या अँटिव्हायरसमध्ये पालक-नियंत्रण आहे, तर संस्थांसाठीच्या सेकराइट या नावाखाली वर्गवार वेब फिल्टर मिळतो. शाळेने अँटिव्हायरस आधीच घेतलेला असेल, तर वेगळा फिल्टर घेण्यापूर्वी त्यातली ही सोय चालू आहे का ते बघावे. बहुतेकदा ती बंदच असते.

कोणत्या मुलाने काय पाहिले याची नोंद ठेवणे ही वेगळीच जबाबदारी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि बालकांवर पाळत ठेवायला मनाई आहे. शिक्षण आणि विद्यार्थ्यांची सुरक्षितता एवढ्यापुरती शाळांना नियमांत सूट मिळते. नावानिशी नोंदी न ठेवणे हे कायद्याच्या हेतूला धरून आहे आणि मुलांशी वागण्याची ती सभ्य रीतही आहे. एखाद्या मुलाने काय शोधले ते वर्गात वाचून दाखवणे हा छळच. लहान मुलांचे लैंगिक शोषण दाखवणारे काही स्क्रीनवर आले, तर गोष्ट वेगळी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब आणि २०१२ चा पॉक्सो कायदा तिथे लागू होतात. असे साहित्य जवळ ठेवणे आणि त्याची तक्रार न करणे यालाही पॉक्सोचे कलम १५ लागू होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. स्क्रीनशॉट काढून शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे हा त्यामुळे मोठा प्रमाद होय. साइटचे नाव आणि वेळ लिहून घ्यावी आणि मुख्याध्यापकांमार्फत पोलिसांना किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलला कळवावे. मूल संकटात असेल तर १०९८, पैशांची ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३० हे क्रमांक आहेत.

जिल्हा परिषदेच्या शाळेत फिल्टर बंद पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण बदली हे आहे. हौसेने सगळे बसवणारे गुरुजी दुसऱ्या तालुक्यात जातात आणि राउटरचा पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो. नवे शिक्षक रीसेटचे बटण दाबतात. नेट सुरू होते, फिल्टर पुसला जातो, आणि तो पुसला गेल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही. काही शाळा राउटरचा पासवर्ड, डीएनएसचे दोन्ही पत्ते आणि खास उघडून दिलेल्या साइटची यादी शाळेच्या सामानाची नोंद असलेल्या डेडस्टॉक रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतात. ते रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात असते आणि चार्ज देताना ते हातोहात सोपवावेच लागते. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात त्या पानावरचे पत्ते राउटरशी ताडून पाहायचे आणि समोर तारीख घालून सही करायची.