काळ्यातून लाल: टॅरो, किमया आणि रंगाचा खल

टॅरो (भविष्य सांगायला वापरतात ते चित्रांचे पत्ते) आणि किमया (साध्या धातूचं सोनं करू पाहणारी जुनी विद्या) यांवर चित्रमालिका करायला घेणाऱ्याने आधी एवढं पक्कं करावं: दोन्ही परंपरा जुन्या आहेत, त्यांची गाठ मात्र अलीकडची.

टॅरो हे पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतले खेळायचे पत्ते. मिलानच्या व्हिस्कॉन्ती-स्फोर्झा घराण्यासाठी सोन्याच्या वर्खावर रंगवलेल्या संचातले ७४ पत्ते आज उरले आहेत. त्यांना इजिप्तचं गूढ ज्ञान चिकटवलं ते १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने, तेही पुराव्याविना. १८५०च्या दशकात एलिफास लेवी या फ्रेंच गूढविद्यावाद्याने टॅरोतले २२ मोठे (चित्रांचे खास) पत्ते २२ हिब्रू अक्षरांशी जोडले. आज सगळीकडे दिसणारी चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची, १९०९ची. ‘स्प्लेंडर सोलिस’ या सोळाव्या शतकातल्या किमयाग्रंथातही २२ चित्रं आहेत. तेवढ्यावर नातं सांगणाऱ्यांपासून जपावं.

किमयेचा रंगक्रम काळा, पांढरा, पिवळा, लाल. पुढे पिवळी पायरी बऱ्याच ठिकाणी गळली. हा क्रम निव्वळ रूपक नाही. आपल्या रसशास्त्रात (आयुर्वेदातल्या पारा-धातूंच्या औषधविद्येत) शुद्ध पारा आणि गंधक खलात घोटतात. पाऱ्याची चकाकी पूर्ण जाईपर्यंत घोटल्यावर काळी कज्जली होते. ती काचकुपीत भरून वालुकायंत्रात (वाळूने भरलेल्या भांड्यात) तापवली की कुपीच्या गळ्याशी लाल रससिंदूर जमतो. काळं आणि लाल, दोन्ही पारा-गंधकाचीच संयुगं, फरक स्फटिकरचनेचा. युरोपात हाच लाल, म्हणजे हिंगूळ, चित्रकार वापरत. १४००च्या सुमारास चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने लिहिलं आहे की तो किमयेने, भट्टीच्या पात्रात बनतो, विकत घेताना पूड न घेता सलग खडा घ्यावा, आणि भिंतीवर लावल्यास काळा पडतो. प्रकाश आणि क्लोराइड मिळून तो काळवंडतो, जणू किमया उलटी फिरते. आणि घरी हिंगूळ तापवू नये; पाऱ्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही.

खानदेशातल्या चित्रकाराला दुसरी वाट जवळ आहे. जळगावहून अजिंठा सुमारे ६० किलोमीटर. तिथे काजळी, पांढरी माती-चुना, पिवळी माती आणि गेरू, म्हणजे चारही पायऱ्यांचे रंग, भिंतीवर टिकून आहेत. १७व्या लेण्याच्या ओसरीतल्या चक्रामुळे इंग्रजांनी त्याला ‘राशिचक्राचं लेणं’ म्हटलं. प्रत्यक्षात ते भवचक्र, म्हणजे बौद्धांचं जन्म-मरणाचं चाक आहे. टॅरोतला ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ (नशिबाचं चाक) हा पत्ता रंगवायला तेच गिरवावं असं नाही, पण चाक कसं बसवलंय ते बघण्यासारखं आहे.

कागदावर किंवा फळीवर काम करायचं तर बाभळीचा डिंक एक भाग, पाणी दोन भाग. रात्रभर भिजवून गाळावं. काजळी तेलकट असल्याने पाण्यावर तरंगते, म्हणून आधी स्पिरिटच्या चार थेंबांत मळून घ्यावी. गेरू आणि पिवळी माती पाण्यात ढवळून, वाळू तळाशी बसू देऊन, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावं. त्यात खाली बसतो तो रंग. पांढऱ्यासाठी खडू डिंकात चालतो. तेलात तो पारदर्शक होऊन मळकट दिसतो, तिथे टिटॅनियमचा पांढरा रंग घ्यावा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात डिंक जास्त पडला तर थर तडकून खपल्या उडतात, कमी पडला तर बोटाला रंग लागतो. प्रत्येक मातीला डिंक वेगळा लागतो, तेव्हा आधी तुकड्यावर पट्टी ओढून, वाळवून, वाकवून पाहावी. टॅरोतल्या चंद्राच्या पत्त्यासाठी चांदीचा वर्ख लावला तर तो हवेतल्या गंधकाने काळा पडतो. वरून वॉर्निशचा पातळ हात द्यावा.