हद्दवाढ पुढे, पोलीस ठाणे मागे

उपनगरातल्या माणसांनी आपणहून पोलीस ठाणे मागावे, ही सोलापुरात साधी गोष्ट नाही. या शहरात खाकी वर्दी वस्तीत आली ती अनेकदा लोकांवर नजर ठेवायला.

8 मे 1930 रोजी, गांधीजींच्या अटकेनंतर पेटलेल्या शहरात पोलिसांनी गोळीबार केला. संतापलेल्या जमावाने मंगळवार पेठेतल्या चौकीवर हल्ला चढवला. दोन पोलीस मारले गेले. त्या खुनांच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. हुतात्म्यांची आठवण शहराने जपली आहे. 8 ते 12 मे या मधल्या दिवसांबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. पोलीस रस्त्यावरून हटले होते आणि 12 मे रोजी मार्शल लॉ लागेपर्यंत रहदारी नि बंदोबस्त काँग्रेसचे स्वयंसेवक सांभाळत होते. लोकसहभागातून सुरक्षा ही कल्पना सोलापूरला बाहेरून शिकवावी लागत नाही, असे मी म्हणतो ते यामुळे.

दुसरी आठवण सेटलमेंट नावाच्या बंदिस्त वसाहतीची. गुन्हेगार जमाती कायद्याखाली अख्ख्या जमाती तारेच्या कुंपणात ठेवल्या गेल्या. दिवसा गिरणीत काम, ठरल्या वेळी हजेरी, आणि जन्माने लागलेला शिक्का. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला, 1960 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तार तुटली, पण ज्यांच्या आजोबांनी हजेरी दिली त्यांनी ठाण्याची पायरी निर्धास्त चढावी, अशी अपेक्षा लगेच कशी करायची?

मग आले 1992. बाळे, केगाव, शेळगी, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी भोवतालची गावे महापालिकेत आली आणि शहर साधारण 33 चौरस किलोमीटरवरून 178 वर गेले. पोलीस आयुक्तालयही त्याच वर्षीचे. गावाला पोलीस पाटील असतो. कुणाच्या शेतात भांडण झाले, कुणाच्या घरी अनोळखी माणूस उतरला, हे त्याला आधी कळते. प्रभागाला नगरसेवक मिळतो, पोलीस पाटील मिळत नाही. ओळखीचा तो दुवा गेला, आणि त्या जागी उभे करायला हवे होते ते ठाणे कित्येक नगरांपासून लांबच राहिले. फौजदार चावडी, जेलरोड, जोडभावी पेठ ही ठाणी जुन्या पेठांच्या अंतराने वसलेली. मोकळ्या माळावर पसरलेल्या वस्तीला ते अंतर पुरत नाही.

मागणी वाढली की बहुधा चौकी मिळते. ठाणे शासनाच्या अधिसूचनेने होते आणि गुन्हा तिथेच नोंदवला जातो. चौकीत गस्तीचे पोलीस बसतात, त्याचा धीर असतोच. पण फिर्याद द्यायला शेवटी ठाणेच गाठावे लागते. चौकीच्या उद्घाटनावर समाधान मानू नये ते म्हणूनच.

लोकसहभागाचा राज्यातला मोठा दाखला भिवंडीचा. 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या त्या यंत्रमागाच्या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, आणि 1992-93 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांत सामान्य रहिवासी आणि बीटवरचा, म्हणजे त्या भागात गस्तीला नेमलेला पोलीस समोरासमोर बसत. आपल्याकडच्या शांतता समित्या मात्र बऱ्याचदा सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, गणपती, जयंती एवढ्यापुरत्या जमतात. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 2021 मध्ये सुरू केलेले ऑपरेशन परिवर्तन मला अधिक मोलाचे वाटते. हातभट्टीची गावे अधिकाऱ्यांनी दत्तक घेतली, मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी छाप्यांच्या जोडीला समुपदेशन केले, दुसऱ्या रोजगाराची वाट दाखवली.

आता प्रश्न शहराच्या हद्दीबाहेरच्या कुंभारी गावाचा आहे. विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत 10 हजार घरे आहेत. शेजारी रे नगर 30 हजार घरांचे, त्यांतली 15 हजार 19 जानेवारी 2024 रोजी लोकांना मिळाली. नोकरी-बाजार सगळे सोलापुरात, पण पोलीस ग्रामीणचे. इथल्या कितीतरी बायका घरात तेलुगू बोलतात. त्यांच्यासाठी ठाणे मंजूर करताना तेलुगू समजणारी महिला अंमलदारही त्याच आदेशात मंजूर व्हायला हवी.